साबणावरून गेलेली हिमनदी

माझं आइस्क्रीमचं दुकान शिवाजी पेठेत आहे. दुकानाच्या मागच्या खोलीत एक लांबलचक डीप फ्रीजर आहे आणि त्याच्यावर माझा फार जीव आहे. वडलांनी हातानं फिरवायच्या लाकडी पिपावर धंदा सुरू केला, मी फ्रीजरपर्यंत आलो. आमच्या घराण्याची प्रगती एवढीच. त्यामुळं आक्कानं एके दिवशी दुकानात येऊन त्या फ्रीजरमध्ये क्रशरवरची कच ठेवायची म्हटल्यावर मी तिथल्या तिथं नकार दिला.

"बांधकामात वाळूऐवजी घालतात ती कच?" मी विचारलं.

"तीच. पाण्यात घालून गोठवायची हाय."

"आणि आइस्क्रीममधी खडा निघाला तर गिऱ्हाईक माझं डोसकं फोडंल."

"वेगळ्या डब्यात ठेव की. मला हिमनदी करायची हाय."

आक्का म्हणजे माझी थोरली बहीण. आमच्याच घराच्या वरच्या मजल्यावर राहते. लग्न केलं नाही. का केलं नाही हे तिला विचारायची आमच्या घरात कुणाची छाती झाली नाही. आम्ही मूळचे कागलचे. तिथल्या उसाच्या शिवारातून उठून ही बाई भूगोलाची शिक्षिका झाली आणि इतकी वर्षं कोल्हापुरातल्या एका शाळेत मुलांना ज्वालामुखी, वाळवंटं आणि हिमनद्या शिकवत आली. यातलं तिनं स्वतः काहीही पाहिलेलं नाही. बर्फाच्या बाबतीत तर आमच्या घरात हिमालयाला सगळ्यात जवळचा मीच, कारण फ्रीजर माझा.

आता तिला हिमनदी करायची वेळ का आली, ते सांगायला पाहिजे.

साधारण वर्षापूर्वी आक्काचे डोळे बिघडायला लागले. आंधळेपण म्हटलं की आपल्याला मिट्ट काळोख वाटतो, तसं हे नव्हतं. तिला कडेचं दिसतं. दार कुठं आहे, रस्ता कुठं वळतो, समोर माणूस उभा आहे, हे कळतं. पण जिथं नजर रोखावी नेमकं तिथंच काही नाही. माणसाचं धड दिसतं, तोंड दिसत नाही. पान दिसतं, अक्षर दिसत नाही. डॉक्टरांनी सांगितलं की पूर्ण अंधार होणार नाही, पण गेलेलं परत यायचंही नाही. मी तिथं खुर्चीवर पार गळून गेलो होतो. आक्कानं डॉक्टरांना विचारलं, "म्हणजे मला वर्गात चालता येईल न्हवं?" एवढंच.

तिनं शाळेत मुख्याध्यापकांना सर्टिफिकेट नेऊन दिलं. मुलांना मात्र कळू द्यायचं नाही, ही तिची अट. का, तर तिला मुलांनी बिचारी म्हटलेलं चाललं नसतं. मग सुरू झाला एक खटाटोप, ज्याकडे बघून मी कधी चिडायचो, कधी थक्क व्हायचो. पाठ्यपुस्तक ती मोबाइलवर ऐकून तोंडपाठ करायची. वर्गातली पोरं आवाजावरून ओळखायची. उत्तरपत्रिका मी वाचायचो. गल्ल्यावर बसून एका हातानं मँगोचा कप द्यायचा आणि दुसऱ्या हातात नववीतल्या कुणाचा तरी मोसमी वारा धरायचा. आक्का बाकड्यावर बसून ऐकायची आणि गुण सांगायची. मी एखाद्याला दयेपोटी वाक्य सुधारून वाचलं तर ती लगेच पकडायची. "हे त्या पोरानं लिव्हल्यालं न्हाय. नीट वाच."

पण फळ्याचं काय करणार? आक्का तिच्या शाळेत फळ्यासाठी प्रसिद्ध. मुलांकडे तोंड करून बोलत बोलत ती भारताचा नकाशा काढायची, खडू न उचलता. आता रेघ जिथून निघाली तिथं परत येईना. एकदा केरळ पार समुद्रात गेलं म्हणे. घरी येऊन तिनं मला हे हसत सांगितलं आणि मग जेवली नाही.

पुढं कुणा पालकानं कुरकुर केली की बाई आता फळ्यावर काही काढत नाहीत. मुख्याध्यापकांनी तिला बोलावून घेतलं. माणूस वाईट नाही. मूळचे गणिताचे शिक्षक, सरळ रेघेत चालणारे; वर संस्था, खाली पालक, मधे हे. त्यांनी तिला सांगितलं, "बाई, तुमची नोकरी कुठं जात नाही. तुम्ही आता लायब्ररी बघा."

"सर, लायब्ररीत मी काय करू?" आक्का म्हणाली. "पुस्तकांचा वास घेऊ?"

शेवटी असं ठरलं की पुढचा जो पाठ येईल तो मुख्याध्यापक मागं बसून बघतील आणि मग निर्णय घेतील. पुढचा पाठ होता हिमनदीचं कार्य.

तिची वेळच खराब, दुसरं काय. नदी असती तर काही अडलं नसतं. आमच्या पोरांना पंचगंगेनं नदी काय असते ते गळ्यापर्यंत पाणी आणून शिकवलंय. समुद्र असता तरी घाट उतरून कोकणात सगळी गेलेली असतात. पण हिमनदी कोल्हापुरात कुणी बघितलीय? तो सगळा पाठच चित्रांवर उभा. मी तिला म्हटलं, "आक्का, बास की आता. लई केलंस. रिटायर हो, घरात बस, मी हाय." मी हे चांगल्या मनानं म्हटलं होतं. ती माझ्याकडे तोंड करून, म्हणजे माझ्या कानाच्या जरा बाजूला बघत, म्हणाली, "मी घरात बसून काय करू, तुझी कुल्फी मोजू? चित्र काढता येत न्हाय तर वस्तूच न्यायची वर्गात. तू बर्फ देतोस का न्हाय तेवढं बोल."

मी बर्फ दिला. आणि द्यायचाच तर आपल्या दुकानाच्या इज्जतीला शोभेल असा द्यायचा, म्हणून जातीनं लक्ष घातलं. समोरच्या बांधकामावरून कच आणली. ती काळी, मातकट. माझ्या फ्रीजरमध्ये अशी घाण जाणं शक्यच नव्हतं, म्हणून ती निर्मळ पाणी येईपर्यंत धुतली, त्यात तिची बारीक भुकटी सगळी वाहून गेली. पाणी उकळून गार केलं, म्हणजे बर्फ काचेसारखा होतो. रिकाम्या आइस्क्रीमच्या डब्यात कच घातली, वर पाणी ओतलं, गोठवलं. दुसऱ्या दिवशी दुपारी दुकान रिकामं असताना आक्का खाली आली. येताना तिनं कपडे धुवायच्या साबणाची लांब वडी आणली होती.

"हा खडक," ती म्हणाली. "मऊ खडक. आता तुझी हिमनदी काढ."

कुल्फी साच्यातून काढायची तर साचा क्षणभर पाण्यात बुडवायचा आणि ताटलीवर उलटा मारायचा, हे आमच्या हाताला लहानपणापासून बसलेलं. मी डबा बादलीत बुडवला, पाटावर उलटा केला, वर थाप मारली. बर्फ सुळकन बाहेर आला. इतका देखणा की विकावासा वाटला. फडक्यात धरून तो मी साबणावरून दाबत ओढला. एकदा, परत एकदा. साबणाला फेस आला.

आक्कानं साबणावरून बोट फिरवलं. "हे काय केलंस?"

"ओढला की."

"साबण धुतलास तू. रेघ कुठं हाय? दगड कुठं गेलं?"

दगड कुठं गेले ते तिनंच शोधून काढलं. डबा पाण्यात बुडवल्यावर तळाचा थर विरघळून तिथं बसलेली निम्मी कच डब्यातच राहिली होती. उरलेली, मी बर्फ उलटा मारल्यामुळं, वरच्या अंगाला आली होती. म्हणजे माझी हिमनदी पाय वर करून चालली होती. आक्का बाकड्यावर बसून पोट धरून हसली. कित्येक महिन्यांत तिला असं हसताना मी पाहिलं नव्हतं, त्यामुळं माझा अपमान मी पोटात घातला.

"हिमालयाला एवढी स्वच्छता परवडत न्हाय रे बाबा," ती म्हणाली. मग तिचा शिकवायचा आवाज लागला. नुसता बर्फ खडकाला फार काही करू शकत नाही, तो मऊ पडतो. डोंगरावरून सरकताना त्याच्या तळाशी दगडगोटे, वाळू, भुकटी अडकते, गोठून घट्ट बसते. वर बर्फाचं प्रचंड वजन. ते दगड खालच्या खडकावर घासत जातात आणि ओरखडे काढतात. बारीक भुकटी त्याच खडकाला गुळगुळीत करते. मी धुऊन टाकली होती ती भुकटी.

मग आम्ही रीतसर केलं. कच न धुता घेतली. आधी बोटभर पाणी अर्धवट गोठवलं, त्याच्यावर कच पसरली, पुन्हा थोडं पाणी, पुन्हा कच, म्हणजे ती बर्फात मुरली. बर्फ काढताना डबा कापून काढला, पाण्यात बुडवला नाही. दिसायला तो बर्फ इतका गचाळ होता की गिऱ्हाईक येण्याआधी मी दुकानाचं शटर अर्धं खाली ओढलं. पण साबणावरून ओढल्यावर करकर असा आवाज आला. बर्फ उचलला तर साबणाच्या अंगावर लांब, सरळ, एकाशेजारी एक ओरखडे. मी वाकून बघत राहिलो. हा पाठ शाळेत मीही शिकलो होतो, उत्तरही पाठ केलं होतं, पण ती गोष्ट खरी असेल असं मला तेव्हा कधी वाटलं नव्हतं.

"बोलू नकोस," आक्का म्हणाली आणि साबण जवळ ओढून घेतला. चुळकाभर पाण्यानं फेस धुतला. तर्जनी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नेली, मग उलट आणली. डोळे मिटलेले. "तू भिंतीकडून रस्त्याकडं ओढलास."

मी भिंतीकडून रस्त्याकडेच ओढला होता.

"कसं कळलं?"

"ओरखडा सुरू होतो तिथं बारीक असतो, पुढं खोल जातो. शेवटाला कीस साठतो. आणि बर्फ गेला त्या बाजूला हात नेला तर गुळगुळीत लागतं, उलट आणला की बोटाला अडकतं. मांजराच्या पाठीवरनं उलटा हात फिरव, तसं. खऱ्या खडकावर सगळं एवढं सोपं न्हाय. पण हिमनदी कुठून कुठं गेली ते लोक असंच ओरखड्यांवरनं वाचतात. बर्फ विरघळून कितीतरी काळ लोटला तरी."

तिनं मला पुन्हा पुन्हा बर्फ ओढायला लावला. मी डावीकडून ओढला, उजवीकडून, तिरका. दर वेळी ती बोट फिरवायची आणि सांगायची. माझं कौतुक काही लपेना. मी बायकोला हाक मारून बोलावलं, शेजारच्या सलूनवाल्यालाही बोलावलं. आक्का वैतागली. "सर्कस हाय काय रं ही?" म्हणाली. पण तिचा चेहरा उजळला होता, आणि त्याच दुपारी तिनं पाठाचा सगळा बेत माझ्यापुढं मांडला.

पाठाच्या दिवशी पावसाची रिपरिप होती. थर्माकोलचा खोका स्कूटरवर पुढं ठेवून मी आक्काला मागं बसवून शाळेत गेलो. बर्फ उचलून द्यायला माणूस हवा म्हणून मलाही वर्गात राहू दिलं. मुख्याध्यापक शेवटच्या बाकावर हाताची घडी घालून बसले, मी त्यांच्या शेजारी खिडकीपाशी. नववीची पोरंपोरी गट करून बाकांभोवती उभी होती. प्रत्येक गटापुढं साबणाची वडी.

वर्गात आक्काला मी पहिल्यांदाच बघत होतो. घरात ती बोलते तेव्हा आपण मधे बोलू शकतो. इथं कुणी मधे बोलत नव्हतं, आणि तरी वर्ग दबलेला नव्हता. तिनं आधी सगळ्यांना स्वच्छ बर्फ ओढायला लावला. "काय झालं?" विचारलं. "फेस आला," पोरं म्हणाली. मग दगडाचा बर्फ दिला. करकर आवाज सगळ्या खोलीत भरला. "आता काय झालं?" म्हटल्यावर सगळी एकदम ओरडली. ती गटागटात फिरत होती, बर्फाला हात लावून तळ खाली आहे का ते बघत होती, एकीचा हात धरून "जरा दाब, अंगात जीव न्हाई का?" म्हणत होती. बर्फ जाड असेल तर काय होईल, हळू गेला तर काय होईल, असं तीच विचारत होती आणि पोरं करून बघून सांगत होती. बाकावर विरघळलेल्या बर्फाच्या पाण्यात कचेचा ढीग उरला होता. त्यावर बोट ठेवायला लावून ती म्हणाली, "बर्फ गेला, त्यानं आणलेलं ओझं इथं टाकून गेला. पुस्तकात हिमोढ म्हणतात तो हाच." एका पोरानं कचेची चिमूट उचलून उजेडात धरून बघितली.

मी मुख्याध्यापकांकडे चोरून बघत होतो. त्यांची घडी काही सुटली नव्हती.

मग आक्कानं बेतातला शेवटचा भाग काढला. "मी बाहेर व्हरांड्यात जाते. प्रत्येक गटानं एक नवी वडी घ्यायची, कुठल्याही दिशेनं बर्फ ओढायचा, वडी धुवायची. मी आत येऊन बोटानं वाचून सांगते, तुमची हिमनदी कुठून कुठं गेली."

ती बाहेर गेली. पोरं कामाला लागली. आणि तेवढ्यात मुख्याध्यापक उठले, शेवटच्या गटापाशी गेले आणि हळूच काहीतरी म्हणाले. त्या गटानं बर्फ उभा ओढला, मग वडीची बाजू न बदलता त्याच अंगावर तिरका ओढला. मला असा संताप आला की तो थर्माकोलचा खोका त्यांच्या टकलावर उपडा करावासा वाटला. पण वर्गात माझी लायकी बर्फवाल्याची होती, म्हणून गप्प बसलो.

आक्का आत आली. पहिल्या गटाची वडी घेतली, बोट फिरवलं. "दारापासनं खिडकीकडं." बरोबर. दुसरी. "खिडकीपासनं फळ्याकडं, आणि शेवटी कुणीतरी हात उचललाय, दाब कमी झालाय." तेही बरोबर. पोरांमध्ये कुजबुज सुरू झाली. तिसरी बरोबर आली तेव्हा कुणीतरी टाळी वाजवली. पुढची वाचायला तिला वेळ लागला, पण सांगितलं ते अचूक. मी नुसता बघत होतो. पदर खोचून उभी असलेली माझी बहीण, समोर कुठंतरी नजर लागलेली आणि सगळं लक्ष त्या एका बोटाच्या टोकात.

शेवटच्या गटाची वडी तिनं हातात घेतली. बोट फिरवलं. थांबली. पुन्हा फिरवलं. मग दुसऱ्या हाताचं बोट लावलं. हात पदराला पुसले, बोटं तोंडाजवळ नेऊन फुंकर घातली, पुन्हा वडीला लावली. मला वाटलं, दोन दिशांमुळं गोंधळली. पण तिची बोटं मी बघितली, लालबुंद झालेली, आणि माझ्या लक्षात आलं. तासभर ती बर्फाला हात लावत फिरत होती. थंडीनं बोटं बधिर होतात हे मला, रोज फ्रीजरमध्ये हात घालणाऱ्याला, सांगायला पाहिजे होतं. ते आम्हा दोघांच्याही डोक्यात आलं नव्हतं.

ती काहीतरी एक दिशा ठोकून देऊ शकली असती. माझी मनातल्या मनात तीच विनवणी चालली होती, आक्का, दे ठोकून. पण तिनं वडी बाकावर ठेवली.

"ही मला कळत नाही," ती म्हणाली. "बर्फानं बोटं बधिर झालीत." मग त्याच आवाजात, "आणि डोळ्यांनी मला दिसत नाही. कडेचं दिसतं, मधलं नाही. फळा दिसत नाही, पुस्तक दिसत नाही, तुमची तोंडं दिसत नाहीत. वर्षभर हे मी तुम्हाला सांगितलं नाही."

मला आता संपलं, असं वाटलं.

पुढच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "आम्हाला म्हाईत हाय, बाई."

"कधीपासनं?"

"आठवीपासनं."

"मग बोलला का न्हाई कुणी?"

"तुम्ही बोलला न्हाई म्हणून," ती मुलगी म्हणाली. इतकं साधं, की जणू खिडकी लावली का, असं कुणी विचारलं होतं. बाकीची पोरं मान हलवत होती, आणि मग आपण मान हलवलेली बाईंना दिसणार नाही हे लक्षात येऊन काहीजण घाईघाईनं "व्हय बाई" म्हणाली.

आक्का क्षणभर टेबलाला धरून उभी राहिली. मग त्या मुलीला म्हणाली, "बरं. इकडं ये. ही वडी तू बघ आणि मला सांग. उत्तर नको. दिसतं तेवढंच सांग."

"रेघा हायत."

"सगळ्या एकाच दिशेला?"

"न्हाई. काही उभ्या, काही तिरक्या."

"एकमेकींना छेदतात?"

मुलीनं वडी खिडकीपाशी उजेडात नेली. "छेदतात."

"छेदतात तिथं नीट बघ. कुठली रेघ सलग जाते आणि कुठली तुटते?"

आता सगळा वर्ग त्या वडीवर वाकला होता. डोक्याला डोकी लागली होती. "तिरकी सलग हाय," मुलगी म्हणाली. "उभी तुटलीय. तिरकी तिच्या अंगावरनं गेलीय."

"मग आधी कुठली पडली?"

"उभी," चार-पाच जण एकदम म्हणाले. आणि मुलगी वडी हातात धरून हळूहळू, स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली, "म्हणजे इथनं हिमनदी दोन वेळा गेली. आधी अशी. मग अशी."

शेवटच्या गटातल्या पोरानं कान पकडले. "बाई, आम्हाला सरांनी सांगितलंतं..."

वर्ग हसला. मुख्याध्यापकांची मान खाली. आक्काही हसली, आणि म्हणाली, "सरांनी चांगलंच केलं. खऱ्या खडकावर असंच सापडतं. एक हिमनदी येते, जाते. पुन्हा बर्फ वाढतो, वाट बदलून येतो. पुस्तकात हे नाही. आज तुम्ही साबणावर वाचलं." आणि तिनं त्या मुलीला प्रत्येक गटाला ते सगळं पुन्हा समजावून सांगायला लावलं, स्वतः एक शब्दही मधे न घालता.

इतक्या वर्षांत मी आक्काचं पुष्कळ कौतुक केलंय, पण ते बहीण म्हणून. त्या तासाला मला कळलं की ही बाई आपल्या कामात किती मोठी आहे. फळा गेला, पुस्तक गेलं, शेवटी बोटंही गेली. तरी शिकवणं तिथं चाललेलंच होतं. शेजारी मुख्याध्यापक होते म्हणून मी खिडकीबाहेरच्या पावसात बघत राहिलो.

तास संपल्यावर ते व्हरांड्यात आमच्याजवळ आले. घसा खाकरला. "बाई, ते लायब्ररीचं राहू दे," म्हणाले आणि ऑफिसकडे निघून गेले. पाच पावलांवरून परत फिरले. "पालकांचं मी बघतो." आमच्याकडच्या माणसाच्या तोंडून याच्यापेक्षा जास्त काही निघत नाही.

येताना आक्काला मी चहाच्या गाड्यावर उतरवलं. तिचे हात अजून गार होते. गाड्यावरच्या प्लास्टिकच्या आडोशाखाली तिनं ग्लास दोन्ही तळव्यांत घट्ट धरला होता. मला वाटलं, आता ती खुश होऊन बोलत सुटेल. तिनं ग्लास तोंडाला लावला आणि तसाच खाली घेतला. मी म्हटलं, "जिंकलीस की."

"आठवीपासनं," ती म्हणाली.

"व्हय, ऐकलं मी."

"वर्षभर मी नाटक करालते. आणि ती एवढी एवढी पोरं... एकानंही कधी मला कळू दिलं न्हाय." डॉक्टरांपुढं जी रडली नाही, केरळ समुद्रात गेलं तेव्हा रडली नाही, ती माझी थोरली बहीण भर रस्त्यात, चहाच्या गाड्यापाशी, चार अनोळखी माणसांच्या देखत रडत होती. पदर तोंडाला लावायचंही तिला सुचलं नाही. गाडेवाल्यानं बघितलं आणि न विचारता तिच्यापुढं आणखी एक ग्लास ठेवला. मी तिच्या पाठीवर हात ठेवला. काहीतरी बोलायला पाहिजे होतं, पण तोंड उघडलं असतं तर माझा आवाज फुटला असता, म्हणून मी ओठ दाबून उभा राहिलो.

"गप का झालास?" ती म्हणाली. "रडतोस काय?"

"न्हाय," मी म्हणालो.